रक्त धुणारं यंत्र आणि जयप्रकाश नारायण

जयप्रकाश नारायण या नावाशी आपली ओळख बहुतेक जनरल नॉलेजपुरतीच असते. लोकनायक कोणाला म्हणतात? संपूर्ण क्रांतीची हाक कोणी दिली? बरोबर ऑप्शनवर टिक केली की पुढचा प्रश्न. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिविक्सच्या पुस्तकात आणीबाणीला जेमतेम अर्धं पान होतं आणि त्या अर्ध्या पानात जेपींचा स्टॅम्पएवढा फोटो. चष्मा घातलेला एक शांत म्हातारा. हा म्हातारा पुढची जवळजवळ चार वर्षं स्वतःचं रक्त शरीराबाहेर काढून, धुऊन, परत आत घेऊन जगला हे त्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

मला जेपी सापडले ते थर्ड इयरच्या सेमिनारच्या तयारीत. विषय घेतला होता डायलायझर. मेकॅनिकलच्या मुलीने हे कुठून आणलं, असं सरांना वाटणं साहजिक होतं. पण आपल्या जिल्ह्यात राहून हा विषय न सुचणंच कठीण. इथल्या मित्रांना खारपाणपट्टा सांगायला नको, पण बाहेरगावच्या रूममेट्ससाठी सांगते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत, जमिनीखालचं पाणी खारट आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांनी पिढ्यान् पिढ्या तेच पाणी प्यायलं. किडनीच्या आजाराने माणसं गेल्याच्या बातम्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागातून वर्षानुवर्षं येत आहेत. पाणी हेच एकमेव कारण आहे का, यावर तज्ज्ञांची चर्चा चालू असते. गावकऱ्यांचा निर्णय मात्र कधीच झालेला आहे.

तर डायलिसिसबद्दल वाचताना जेपींचं नाव समोर आलं, आणि मग सेमिनार बाजूला राहिला आणि मी जेपीच वाचत बसले.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, गंगा आणि घागरा नद्यांच्या संगमाजवळच्या सिताबदियारा गावचा. वडील कालवे खात्यात नोकरीला. मुलगा हुशार, सायन्सला गेला. १९२० मध्ये प्रभावतींशी लग्न झालं आणि १९२१ मध्ये, परीक्षा तोंडावर असताना, असहकाराच्या चळवळीत जेपींनी सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडून दिलं. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री कॉलेज सोडायच्या नुसत्या गप्पा मारतो. पुढे प्रभावती गांधीजींच्या साबरमती आश्रमात राहिल्या आणि जेपी बोटीने अमेरिकेला गेले. ८ ऑक्टोबर १९२२ ला ते कॅलिफोर्नियात उतरले. खिशात पैसे नाहीत. मग द्राक्षं तोडली, फळं पॅक केली, हॉटेलात बश्या धुतल्या, गॅरेजमध्ये काम केलं, आणि त्यातून एकामागून एक युनिव्हर्सिटी केली. सुरुवात बर्कलीला केमिस्ट्रीने झाली, पण फी परवडेना. शेवटी ओहायोतून ते एम.ए. झाले, तेही सोशिऑलॉजीत. मध्ये विस्कॉन्सिनला मार्क्स वाचला होता आणि टेस्ट ट्यूब मागे पडली होती.

१९२९ ला परत आल्यावर ते काँग्रेसमध्ये गेले आणि १९३२ मध्ये पकडले गेले. इथे आपला महाराष्ट्र येतो. त्यांना ठेवलं नाशिकच्या तुरुंगात. तिथे अच्युत पटवर्धन, ना. ग. गोरे, मिनू मसानी, अशोक मेहता असे एकाहून एक तरुण आधीच बंद होते. ब्रिटिशांनी या सगळ्यांना एका जागी कोंडलं आणि १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची पायाभरणी त्या बराकीतच झाली. आपल्या हॉस्टेलच्या एका विंगमध्ये इतके डोकेबाज लोक कोंडले तर रेक्टर सरांचं काय होईल, देव जाणे!

पुढची गोष्ट सिनेमासारखी आहे. ९ नोव्हेंबर १९४२, दिवाळीची रात्र. हजारीबागच्या तुरुंगात सणाची गडबड चालली होती. तेवढ्यात जेपी आणि आणखी पाच जण धोतरांना धोतरं बांधून भिंतीवरून उतरले आणि पसार झाले. तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. दहा महिन्यांनी ते पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. सुटले ते १९४६ मध्ये. स्वातंत्र्यानंतर मंत्रिपद मिळवणं त्यांना अवघड नव्हतं, पण ते उलट दिशेने गेले. काँग्रेस सोडली, मग पक्षाचं राजकारणही सोडलं आणि १९५४ मध्ये विनोबांच्या कामाला आयुष्य देऊन टाकलं. १९६५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी त्यांच्या शब्दावर शस्त्रं खाली ठेवली. १९७३ च्या एप्रिलमध्ये प्रभावती कॅन्सरने गेल्या. मूलबाळ नव्हतं. डायबेटिस मात्र सोबतीला होता.

इथे कोणीही म्हटलं असतं की झालं, आता आराम. पण १९७४ मध्ये बिहारचे विद्यार्थी महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर आले आणि त्यांनी जेपींना नेतृत्व करायची विनंती केली. बाहत्तरीला टेकलेला माणूस स्टुडंट्स युनियनचा पुढारी झाला! ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानावर संपूर्ण क्रांतीची घोषणा झाली. ४ नोव्हेंबरच्या मोर्चात पोलिसांची लाठी जेपींवर पडणार होती. ती नानाजी देशमुखांनी आपल्या अंगावर घेतली. नानाजी मराठवाड्यातले, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले.

२५ जून १९७५ ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर सभा झाली, त्याच रात्री आणीबाणी लागली आणि पहाटेच्या आधी जेपींना झोपेतून उठवून अटक झाली. जुलैच्या सुरुवातीपासून त्यांना चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये नजरकैदेत ठेवलं होतं. भेटायला फारसं कोणी नाही, मग ते डायरी लिहीत. सप्टेंबरच्या अखेरीस पोटात जोराच्या कळा सुरू झाल्या आणि तब्येत उतरत गेली. १२ नोव्हेंबरला सरकारने त्यांना पॅरोलवर सोडलं आणि दिल्लीमार्गे ते मुंबईला आले, पेडर रोडवरच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये. तिथे कळलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत आणि आता परत येणार नाहीत. कैदेत काही घातपात झाला का, याची शंका त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे कायम राहिली. या जसलोकचं औपचारिक उद्घाटन १९७३ मध्ये झालं होतं ते इंदिरा गांधींच्याच हस्ते. इतिहासाला कधी कधी फार विचित्र विनोद सुचतात.

आता थोडं माझ्या सेमिनारकडे वळते, कारण त्याशिवाय जेपींची पुढची चार वर्षं समजणार नाहीत.

डायलिसिस म्हणजे तत्त्वतः अगदी साधी गोष्ट. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने क्षारांचं मोजून केलेलं पाणी. युरियासारखा कचरा जिकडे कमी तिकडे जातो, रक्तपेशी आणि प्रोटीन मोठे असल्याने अडकून राहतात. हॉलंडमधल्या काम्पेन गावी, दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा डोक्यावर बसलेल्या असताना, विलेम कोल्फ या डॉक्टरने हे पहिल्यांदा केलं. पडदा म्हणून त्याने वापरलं सॉसेजचं सेलोफेनचं आवरण, लाकडी ड्रमवर गुंडाळून! सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट दगावले. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई वाचली आणि यंत्र चालतं हे सिद्ध झालं.

अडचण वेगळीच होती. प्रत्येक वेळी रक्त काढायला धमनी आणि शीर उघडावी लागे आणि काही वेळांनंतर वापरण्याजोगी रक्तवाहिनीच उरत नसे. हा प्रश्न १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलला सुटला. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांना कल्पना सुचली आणि वेन क्विंटन नावाच्या इंजिनिअरने टेफ्लॉनची नळी वाकवून ती प्रत्यक्षात आणली. हातातली एक धमनी आणि एक शीर या नळीने बाहेरून जोडून ठेवायची, डायलिसिसच्या वेळी फक्त मध्ये मशीन लावायचं. टेफ्लॉन म्हणजे तेच, नॉनस्टिक तव्यावरचं. त्यावर रक्त सहज गोठत नाही. मला हे वाचून आपल्या वर्कशॉपबद्दल जरा आदर वाटायला लागला. १९६६ पासून त्याहून चांगली युक्ती आली, धमनी आणि शीर त्वचेखाली थेट एकमेकींना शिवायची, म्हणजे फिस्टुला. आपल्या मेसमधल्या काकांचे मेहुणे संग्रामपूर तालुक्यातले आहेत, एसटीने अकोल्याला डायलिसिसला जातात. एकदा काकांकडे आले होते तेव्हा त्यांनी हात पुढे करून मला त्यांच्या फिस्टुलावर बोट ठेवायला लावलं. मोबाईल व्हायब्रेटवर असावा तशी ती शीर सतत थरथरत होती. धमनीच्या प्रेशरचं रक्त शिरेत घुसतं ना, त्याची ती थरथर. थांबली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांना पाठ होतं.

क्विंटनच्या नळीवर जगलेला पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स हा बोइंग कंपनीतला मशिनिस्ट होता. काही आठवड्यांत मरणार असलेला हा माणूस अकरा वर्षं जगला आणि १९७१ मध्ये गेला. कशाने? किडनीने नव्हे, हार्ट ॲटॅकने. एकट्याचं असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण १९७४ मध्ये, म्हणजे जेपी मशीनवर येण्याच्या एकच वर्ष आधी, स्क्रिब्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या ३९ पेशंटचा हिशोब छापला. जे गेले होते, त्यांतले निम्म्याहून जास्त धमन्या खराब होऊन गेले होते. हार्ट ॲटॅक, पक्षाघात, थकलेलं हृदय. रक्त धुतलं जात होतं, पण ज्या पाइपातून ते वाहतं तो पाइप आतून म्हातारा होत होता.

असं का होतं, हे आपल्याकडच्या मुलांना समजावणं सोपं आहे. हॉस्टेलच्या गीझरची कॉइल काढून बघा, नाहीतर मेसमधलं पाणी उकळायचं पातेलं बघा. पांढरा थर बसलेला असतो. निरोगी किडनी जेवणातला जादा फॉस्फरस बाहेर टाकते. ती बंद पडली की फॉस्फरस साठतो, आणि डायलिसिसने तो फारसा निघत नाही कारण त्यातला बहुतेक हाडांत आणि पेशींत लपलेला असतो. मग तो आणि कॅल्शियम मिळून धमनीच्या भिंतीतच जमतात. फरक एवढाच की गीझरमध्ये क्षार नुसते वरून बसतात. धमनीत मात्र भिंतीतल्या पेशीच हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि रबराची नळी हळूहळू पीव्हीसीची होते. याशिवाय आतल्या बाजूने कोलेस्टेरॉलचे थर असतात ते वेगळेच. नळी ताठ झाली की प्रत्येक ठोक्याचा धक्का हृदयावर उलटतो आणि हृदयाची भिंत जाड होते. त्यात दोन डायलिसिसच्या मध्ये साठलेलं पाणी. आठवड्याचे तास १६८. निरोगी किडनी ते सगळे तास काम करते. मशीन तीन वेळा चार तास लावलं तरी बारा.

म्हणून आजही डायलिसिसवरच्या मृत्यूंपैकी साधारण निम्मे हृदय आणि रक्तवाहिन्यांमुळे होतात. पंचविशी-तिशीतल्या डायलिसिस पेशंटला हृदयविकाराने मरण्याचा धोका जवळजवळ पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्याइतका असतो. मला सगळ्यात धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी बाकी लोकांना वाचवते, तीच डायलिसिसच्या पेशंटना देऊन २००५ आणि २००९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. कोलेस्टेरॉल उतरलं, पण हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत. म्हणजे हा आजार नेहमीचा नाहीच, त्याचं गणित वेगळं आहे. डायबेटिस, वय आणि बंद किडन्या असे धमन्यांचे तीन वैरी असतील तर विचारायलाच नको.

जेपींकडे तिन्ही होते. डायलिसिस सुरू झालं तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. साठच्या दशकात सिॲटलमध्ये मशिनं थोडी होती, तेव्हा कोणाला द्यायचं ते एक समिती ठरवायची, आणि पंचेचाळिशीच्या पुढच्यांचा विचारच व्हायचा नाही. तो नियम इथे असता तर १९७७ चा इतिहास वेगळाच लिहिला गेला असता.

जसलोकमध्ये मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी त्यांना बघत होते. आयुष्य आता आठवड्याच्या टाइमटेबलवर आलं. खाणं तोलून, पाणी मोजून, आणि ठरलेल्या दिवशी मशीन. पाटण्याला घरी राहता यावं म्हणून पोर्टेबल मशीन घ्यायचं ठरलं. त्यासाठी सहकाऱ्यांनी लोकांकडून वर्गणी सुरू केली, माणशी एक रुपया. १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी पंतप्रधान निधीतून ९० हजार रुपये पाठवले. जेपींनी ते घेतले नाहीत. मी यावर बराच विचार केला. जीव वाचवणारं मशीन आहे, पैसे सरकारचे म्हणजे शेवटी लोकांचेच, आणि सगळं होऊन त्या कुटुंबाशी नातं घरचं होतं. इंदिराजींची आई कमला नेहरू आणि प्रभावती एकमेकींच्या जिवलग. माझ्या रूममेटचं मत पडलं की हा हट्ट झाला. मला तसं वाटत नाही. ज्या सरकारने आपल्याला कोंडलं त्याच्याच पैशाच्या मशीनला दर दोन-तीन दिवसांनी हात जोडून बसायचं, हे त्या माणसाला औषधापेक्षा जड गेलं असतं. रुपया-रुपयाचं मशीन आलं.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. पक्ष चार, एकमेकांशी न पटणारे, आणि त्यांना एकत्र बांधायला माणूस एकच. जेपींनी अट घातल्यासारखं सगळ्यांना एका झेंड्याखाली आणलं आणि जनता पक्ष झाला. मग ते प्रचाराला निघाले, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत! ज्यांनी डायलिसिसचा पेशंट जवळून पाहिला आहे त्यांना हे काय आहे ते कळेल. मशीनवरून उतरलं की त्या दिवशी माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा होतो, आणि पुढचं मशीन जवळ येईपर्यंत अंगात पाणी चढून दम लागतो. मधला जो बरा काळ, तोच त्यांनी सभांना दिला. ६ फेब्रुवारीला रामलीला मैदानावर सभा होती. गर्दी जमू नये म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर बॉबी लावला म्हणतात. तरी मैदान भरलं. (बॉबी सोडून भाषणाला जाणारे विद्यार्थी आज आपल्या हॉस्टेलमध्ये किती निघतील, हात वर करा.) मार्चमध्ये निकाल लागला. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून पडल्या. २४ मार्चला राजघाटावर जेपींच्या साक्षीने नव्या खासदारांनी शपथ घेतली, आणि त्यानंतर हा म्हातारा हरलेल्या इंदिराजींना भेटायला त्यांच्या घरी गेला. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात ही भेट सर्वांत जास्त आवडली.

त्याच वर्षी उपचारासाठी त्यांना सिॲटललाही नेलं, जिथे ती टेफ्लॉनची नळी जन्मली त्याच गावी. पण गेलेली किडनी परत येत नाही. सरकार आलं आणि लगेच भांडायला लागलं. दिल्लीत कोणी त्यांचं ऐकेना आणि त्यांच्या अंगात जाऊन भांडण सोडवण्याची ताकद उरली नव्हती. मार्च १९७९ मध्ये तर कमाल झाली. जेपी जसलोकमध्ये अत्यवस्थ होते आणि कोणाच्या तरी चुकीच्या खबरीवरून पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत त्यांच्या निधनाची बातमी दिली. श्रद्धांजली झाली, सभागृह उठलं, आणि मग कळलं की जेपी जिवंत आहेत. स्वतःची श्रद्धांजली जिवंतपणी मिळणारी माणसं फार थोडी.

जुलैमध्ये मोरारजींचं सरकार पडलं. जेपी तेव्हा पाटण्याला कदमकुआँमधल्या घरी होते, मशीनसोबत. ८ ऑक्टोबर १९७९ च्या पहाटे ते गेले, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी असताना. किडन्या बंद पडून चार वर्षं होत आली होती आणि ते काम मशीनने शेवटपर्यंत चोख केलं. कारण नोंदलं गेलं ते डायबेटिस आणि हृदयाचं.